पाव्हण्यांचा बेल्ट

१

सेलूहून पाथरीला जाणाऱ्या रस्त्याला मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं. त्या बांधकामावरून एका सकाळी पाव्हणे गायब झाले, आणि वॉचमन तात्यारावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच एक गुन्हा घडला.

पाव्हणे म्हणजे कुणी सोयरा नव्हे. जाड कापडाचा, आत वाळू आणि लाकडाचा भुसा ठासून भरलेला, भरल्या अंगाच्या गड्याएवढ्या वजनाचा तो एक पुतळा होता. मजुरांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिल्याशिवाय काम पुढं चालू ठेवता येणार नाही, असा हुकूम निघाला तेव्हा परभणीहून राजेश्री मॅडम शिकवायला आल्या आणि येताना टेम्पोत हा पुतळा घेऊन आल्या. अंगात कोरा शर्ट, पायात कोरे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. काम काडीचं करायचं नाही; सगळ्यांनी मिळून त्याला उचलायचं, बसवायचं, निजवायचं, आणि काही झालं की आधी त्याला लागलं का ते बघायचं. मिस्त्री लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला ओळखलं. इतके लाड जावयाशिवाय कुणाचे होत नाहीत. पाव्हणे हे नाव पडलं ते पडलंच. शेवटी मॅडमसुद्धा "पाव्हण्यांना जरा उजव्या कुशीवर घ्या" म्हणू लागल्या.

त्या सकाळी मॅडमनी तळमजल्यावरची सामानाची खोली उघडली तर पाव्हण्यांची खुर्ची रिकामी. हेल्मेट तेवढं खाली पडलेलं.

"तात्याराव, पाव्हणे कुठं आहेत?"

तात्याराव आत आले. खुर्ची बघितली, खुर्चीच्या खाली बघितलं, आणि मग हातातली काठी अशी काखेत घेतली, जशी त्यांनी मोठ्या साहेबांना घेताना बघितली होती.

तात्याराव पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बंदोबस्तात गेली. विसर्जन, उरूस, निवडणूक, मंत्र्याचा दौरा; काही घडू नये म्हणून जिथं उभं राहायचं असतं तिथं ते उभे राहिले आणि काही घडलं नाही. तपास करणारे दुसरेच असत. "घडलं तिथं तुमी नव्हता, आन तुमी होता तिथं घडलं न्हाई," असं त्यांची बायको पार्वतीबाई म्हणायची. आता मात्र ते होते आणि घडलंही होतं. अडचण एवढीच, की जे घडलं ते त्यांच्याच राखणीत घडलं होतं. खोलीची किल्ली त्यांच्या बाजेच्या वरच्या खिळ्याला असायची, आणि पहाटे ते डबा घेऊन पार ओढ्यापर्यंत जायचे. कामावर नियमाप्रमाणं प्लास्टिकचा संडास होता, पण त्यात शिरलं की आपल्याला कुरिअरनं कुठंतरी पाठवतायत असं तात्यारावांना वाटायचं. त्यांची ही पहाटेची फेरी सगळ्या सेलू तालुक्याला माहीत होती.

"आज दुपारी कामगार खात्याचे साहेब येणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यासमोर पाव्हण्यांना इथला नवा सुरक्षेचा बेल्ट बांधून पहिल्या मजल्यावरून सोडून दाखवायचं ठरलंय. ते झालं नाही तर प्रशिक्षण अपुरं. प्रशिक्षण अपुरं तर काम बंद. मग ही सगळी माणसं घरी."

तात्यारावांनी खोलीवरून नजर फिरवली. मॅडमचा स्वतःचा भारीतला लाल बेल्ट खिळ्याला तसाच लटकत होता. कोपऱ्यात ठेकेदारानं आणलेल्या पिवळ्या बेल्टांचा गठ्ठा होता. तो साहेबांसमोरच फोडायचा असं ठरलेलं होतं, पण त्याची पट्टी कापलेली होती.

"उंदीर," तात्याराव म्हणाले.

"उंदरांनी पाव्हणे नेले?"

"न्हाई, पट्टी उंदरानं कुरतडली. पाव्हणे मानसानं नेले." त्यांनी बाहेर येऊन खोलीच्या दाराला आणि वर जाणाऱ्या जिन्याला आडवी दोरी बांधली. "आता कुनी वर जायचं न्हाई, कुनी आत जायचं न्हाई. तपास चालू हाय."

तेवढ्यात ठेकेदार दिनकररावांची जीप फाटकात घुसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली आहे.

२

दिनकररावांनी तात्यारावांना असं काही सुनावलं की बांबूच्या परांचीवरचे कावळे उडाले. दुपारपर्यंत पुतळा मिळाला नाही तर तात्यारावांची नोकरी गेली, हा त्यातला छापण्याजोगा भाग.

"मालक, तपासात तुमालाबी इचारावं लागंल," तात्याराव शांतपणे म्हणाले.

"मला? पुतळा चोरून मी काय त्याच्याकडून स्लॅब टाकून घेऊ?"

"काल पट्टी बांधायच्या पाठात पाव्हणे शेवटचे दिसले. तुमी होता तिथं?"

"मी जीपमध्ये फोनवर होतो. तान्हं बाळ असल्यासारखं त्या पुतळ्याला गुंडाळायलेत, ते काय बघायचं? बेल्ट आणून दिलेत मी. हत्ती बांधला तरी तुटणार न्हाई, असं दुकानदारानं सांगितलंय. अजून काय करू?"

तात्यारावांनी मान डोलावली आणि सुपरवायझर सिद्धोधनला गाठलं. हा सडपातळ, चष्मेवाला, बोलायला नेमका माणूस. सेलूत राहायचा आणि मोटरसायकलवर यायचा. पाव्हण्यांवर त्याचा राग होता हे सगळ्यांना माहीत होतं; त्यांच्यापायी स्लॅबचं काम मागं पडत होतं.

"राग आहे तात्या, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण काल दिवसभर मी परभणीत स्टील भरून घेत होतो. पाव्हण्यांचं तोंड परवा बघितलं. आन पळवायचं असतं तर मोटरसायकलवर कसं नेलं असतं? मागं बसवून?"

तात्यारावांना ते पटलं. मागे बसलेला पाव्हणा रस्त्यावर कुणाच्याही नजरेत भरला असता.

उरला मल्हार. राणीसावरगावचा गडी, परांची बांधणारा. मिशा झुपकेदार, छाती पुढं. बांबूवरून असा चालायचा की खालच्यांनी काम सोडून बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यानं मॅडमना भर वर्गात सांगितलं होतं की बेल्ट बायकांनी बांधावा, मल्हारला बांबू ओळखतो. तो आणि त्याची बायको दैवशाला इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. बाकीचे मजूर संध्याकाळच्या जीपनं गावाकडं जायचे आणि सकाळच्या जीपनं यायचे, त्यामुळं अंधार पडल्यावर कामावर तिघंच. ती दोघं आणि तात्याराव.

"पाव्हण्यांचं मला काय करायचं?" मल्हार मिशीवर हात फिरवत म्हणाला. "कालचा जखमेचा पाठ तर मी झोपून काढला. मॅडमनी दोनदा उठवलं, इचारा त्यांना."

ते खरं होतं. तात्यारावांनी स्वतः त्याचं घोरणं फाटकापर्यंत ऐकलं होतं.

दैवशाला घमेली धूत बसली होती. "बरं झालं गेला तो," ती म्हणाली. "मॅडमनी परवा त्याला बिनाबेल्टाचं वरून पाडून दावलं, तवापासनं डोळा लागला की मला आमचेच हे पडताना दिसायलेत. जेवन जाईना. कुनी नेला असंल त्याचं भलं हो."

"तूच न्हाई ना नेला?"

"मला उचलला असता तर मी ह्येंनाच उचलून गावाला न्हेलं नसतं?"

तात्याराव इमारतीला वळसा घालून निघाले. पहिल्या मजल्याच्या कडेखाली क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, काळपट ढीग होता. ढिगाचं डोकं कुणीतरी फावड्यानं सारखं केलेलं होतं, आणि त्या काळ्या सँडमध्ये मधेच पिवळसर भुशाचे ठिपके. सुताराचा भुसा असेल, असं मनाशी म्हणून ते पुढं गेले. चार पावलांवर थबकले. सेंट्रिंगचे सुतार तर प्रशिक्षण सुरू झाल्यापासून फिरकलेच नव्हते.

ते मागं वळणार, एवढ्यात कुंपणापलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. शेजारच्या पडीक रानात मेंढरं बसवलेली भिवराबाई धापा टाकत येत होती.

"ओ हवालदार, चला लवकर. माज्या वाड्यात मानूस मरून पडलाय."

३

सगळं काम सोडून माणसं पळाली. सर्वांत पुढं तात्याराव. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो मुडदा आज त्यांच्या वाट्याला आला होता, आणि आता पाय मागं ओढत होते.

मेंढरांच्या जाळीच्या कडेला, कोकरांच्या मधोमध, घोंगडं पांघरून एक गडी कुशीवर निजला होता. एक गुडघा पोटाशी, गाल खालच्या हातावर. एक कोकरू त्याच्या पाठीला टेकून रवंथ करत होतं.

"पहाटं बघितला," भिवराबाई सांगू लागली. "म्हनलं कुनी पिऊन पडला असंल. माज्याच पोरांपैकी कुनाचं घोंगडं घेतलं म्हनून जरा बोलले. मग दया आली, चहा इचारला. बोलला न्हाई. म्हनलं जास्तच झालीय. आता ऊन आलं तरी हालंना, म्हनून हात लावून बघितला तर दगड."

तात्यारावांनी टोपी काढली. मग पंचनाम्याच्या वेळी टोपी घालायची असते असं आठवून पुन्हा घातली. श्वास रोखून त्यांनी काठीच्या टोकानं घोंगडं बाजूला केलं.

पाव्हणे होते.

गर्दीतून एकदम सुटकेचा उसासा आला, आणि पाठोपाठ हसू. भिवराबाई मात्र रागावली. तिनं त्याला चहा विचारला होता, ते तिला लागलं.

पाव्हण्यांची अवस्था बरी नव्हती. छातीची शिवण उसवलेली, बूट भुशानं माखलेले. पण उसवलेल्या छातीवर गमछा घट्ट आवळून बांधलेला होता. आणि डावा हात, जो खांद्यातून निसटला होता, तो दुसऱ्या फडक्याच्या झोळीत घालून गळ्यात अडकवला होता.

राजेश्री मॅडम गुडघ्यावर बसल्या. त्यांचा चेहरा उजळला. "बघा, किती बरोबर बांधलंय. रक्त थांबवायला दाब, हाताला झोळी, आणि बेशुद्ध माणसाला कुशीवर. कालचा अख्खा पाठ आहे हा." त्यांनी वर बघितलं. "कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं म्हणायचं."

"चोरानं," दिनकरराव म्हणाले.

"चोर असू दे. शिकला तर खरं."

पाव्हणे उचलायला गेले तसा भुसा भसाभस गळायला लागला. अशा अवस्थेत त्यांना वरून सोडणं शक्य नव्हतं. मॅडमनी सिद्धोधनच्या मोटरसायकलकडं बघितलं, सिद्धोधननं आकाशाकडं बघितलं. थोड्या वेळानं सेलूच्या रस्त्यानं तिघंजण एका गाडीवरून निघाले: पुढं सिद्धोधन, मागं मॅडम, आणि मधे, मान एका बाजूला टाकलेले, हेल्मेट घातलेले पाव्हणे. ताडपत्र्या शिवणारा शिंपी दुपारच्या आत शिवून देईल अशी आशा होती.

तिघंही दिसेनासे झाल्यावर दिनकररावांनी घड्याळ बघितलं, मग तात्यारावांकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत असा काही विचार चमकला की तात्यारावांना वीज पडायच्या आधीचं आभाळ आठवलं.

४

पण दिनकररावांना तेवढ्यात फोन आला, आणि तात्यारावांना बाजेवर बसून विचार करायला उसंत मिळाली.

चोराला विकायचंच असतं तर त्यानं मॅडमचा लाल बेल्ट नेला असता. तो राहिला. म्हणजे चोराला मालाचं काम नव्हतं, पाव्हण्यांचं होतं. सँडच्या ढिगात भुसा, आणि वर फावडं फिरवलेलं. म्हणजे पाव्हणे वरून ढिगावर पडले, तिथं उसवले, आणि कुणीतरी खुणा झाकल्या. इथवर गणित सरळ होतं.

पुढं जखमेवरची पट्टी. ती ज्यानं बांधली त्यानं कालचा पाठ ऐकला होता. सिद्धोधन काल परभणीत. मालक जीपमध्ये. बायकांचा पाठ आज व्हायचा होता, म्हणजे दैवशालाला ते येत नाही. बाकीचे मजूर जीपनं गेले आणि आज जीपनंच एकत्र आले. राहिला मल्हार, आणि मल्हार तर घोरत होता.

जो होता तो झोपलेला, जो जागा होता तो नव्हता. तात्यारावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मोठे साहेब अशा वेळी चहा मागवायचे. तात्यारावांना चहा मागवायला कुणी नव्हतं, म्हणून ते उठले आणि हात धरून कण्हत कण्हत पत्र्याच्या खोलीकडं गेले.

"दैवशाला, भिवराबाईच्या जाळीत पाय अडकून पडलो बग. हात मोडल्यागत झालाय. ते झोळीवानी बांधतेत, तसं बांध जरा."

दैवशालानं लुगड्याचं एक जुनं फडकं आणलं आणि मनापासून बांधायला लागली. कडब्याची पेंढी बांधावी तसे तिनं तात्यारावांच्या हाताला वेढे घातले. कोपर लोंबत राहिलं, बोटं निळी व्हायला लागली.

मल्हार दारात बांबू तासत बसला होता. त्यानं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्याच्याच्यानं राहवेना.

"अगं, असं काय करायलीस. कोपर खाली लोंबायलंय. फडकं तिकोनी घे, टोक कोपराकडं. आन गाठ मानंच्या मधी न्हाई, बाजूला. मधी आली की रुतती." त्यानं येऊन सगळं सोडलं आणि दोन हातांत अशी सुबक झोळी बांधली की तात्यारावांचा न मोडलेला हातही निवांत झाला.

"झ्याक बांधलंस," तात्याराव म्हणाले.

मल्हार त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर झोळीवर गेली, मग बायकोवर. तो बांबूकडं परत गेला, पण हातातली कुऱ्हाड त्यानं उलटी धरली होती.

कोण ते तात्यारावांना कळलं. पण कशासाठी? बेल्टला नाव ठेवणारा माणूस, झोपेचं सोंग घेऊन पाठ ऐकतो, पहाटे पाव्हण्यांना वरून टाकतो, आणि मग आईच्या मायेनं त्यांना पट्टी बांधतो. ह्याला वेड म्हणावं तर वेड्याची गाठ इतकी नीट पडत नाही.

"तात्याराव," मागून दिनकररावांचा आवाज आला. आवाजात साखर होती. "तुमच्या राखणीत पुतळा गेला. शिंप्याचा काय भरवसा, शिवून देईल न देईल. साहेब आल्यावर हसं नको. चला, तुमीच एकदा बेल्ट बांधून लटकून दावा. सराव म्हणून."

"मी? मालक, मी वॉचमन हाय."

"वजन तेवढंच हाय," दिनकरराव म्हणाले.

५

जिन्याची दोरी तात्यारावांनी स्वतःच बांधली होती, ती स्वतःच सोडावी लागली. सकाळपासून त्यांनी कुणाला वर जाऊ दिलं नव्हतं. त्याचं एक कारण तपास होतं. दुसरं हे, की त्यांना स्वतःला वर जायची भीती वाटायची.

अंगावर पिवळा बेल्ट चढवलेला. भिंतीला हात लावत ते पहिल्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर आले. खाली सगळे मजूर जमले होते, वर तोंडं करून. कडेला बेल्टचा हूक अडकवायला लोखंडी पाइप आडवा बसवला होता.

त्या पाइपला आधीच एक हूक अडकलेला होता.

तात्याराव जवळ गेले. हुकाला पिवळ्या पट्ट्याचा वीतभर तुकडा लटकत होता. पुढं पट्टा नव्हताच. तुटलेल्या टोकाचे धागे बोंडातल्या कापसासारखे फुलून वाऱ्यावर हालत होते.

त्यांनी आपल्या छातीवरचा पट्टा बघितला. तोच पिवळा. तीच शिवण. नखानं जरा ओढली तर एक धागा हातात आला.

आता त्यांना सगळं कळलं. पाव्हण्यांना कुणी टाकलं नव्हतं. त्यांना बेल्ट बांधून, नीट अडकवून, सोडलं होतं. आणि बेल्ट तुटला होता.

"लटका तात्या," खालून दिनकरराव म्हणाले. "हत्ती बांधला तरी तुटत न्हाई."

तात्याराव तिथूनच सांगू शकले असते. सांगणारही होते. पण खाली गर्दीत मल्हार उभा दिसला, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झालेला दिसला. बेल्ट तुटतो हे खाली एकट्या मल्हारला माहीत होतं. तात्यारावांच्या मनात आलं, ही गोष्ट मी ओरडून सांगितली तर ती माझी होईल. ती त्याची आहे. त्यानंच सांगायला पाहिजे.

त्यांनी आपला हूक पाइपला अडकवल्यासारखं केलं आणि कडेकडं एक पाऊल टाकलं. मग अजून एक. खालची जमीन गरगरली. आपण सकाळपासून काही चुकलो तर नाही ना, असा विचार त्यांना भलत्याच वेळी आला. झोळी पाठ न ऐकताही कुणाला येत असेल तर? पायाचा अंगठा कडेच्या बाहेर गेला, आणि खाली कुणी हूं की चूं केलं नाही. तात्याराव मनात पार्वतीबाईंची माफी मागू लागले.

"तात्या, थांबा."

आवाज मल्हारचा होता, पण नेहमीचा नव्हता. "पाय मागं घ्या. बेल्ट कच्चा हाय. मी येतो, हालू नका."

तो जिन्यानं आला नाही, परांचीवरूनच सरसर वर आला आणि तात्यारावांच्या कॉलरला धरून त्यांना मागं ओढलं. दोघंही स्लॅबवर बसले.

"तुला कसं ठावं, बेल्ट कच्चा हाय?" तात्यारावांनी विचारलं.

खाली फाटकात गाडीचा आवाज झाला. साहेब आले होते.

६

कामगार खात्याचे साहेब बुटके आणि शांत होते. त्यांनी जीपमधून उतरताच बघितलं ते असं: स्लॅबवर दोन माणसं एकमेकांना धरून बसलेली, खाली ठेकेदार घाम पुसतोय, आणि मागून एका मोटरसायकलवर एक सुपरवायझर, एक मॅडम आणि मधे ताजी शिवण मारलेला पुतळा.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तपास पुरा झालाय, साहेब," तात्याराव वरून म्हणाले. खाली येऊन त्यांनी पायरी-पायरीनं सगळं मांडलं: लाल बेल्ट का राहिला, ढिगात भुसा कसा आला, पट्टी कुणाला बांधता येत होती आणि कुणाला नाही. शेवटी त्यांनी तो तुटक्या पट्ट्याचा हूक साहेबांच्या हातावर ठेवला. "फकस्त कशापायी, ते मला ठावं न्हाई. ते हा सांगंल."

मल्हार जमिनीकडं बघत उभा होता.

"मागं एकदा बांबू सटकला," तो म्हणाला. "तिसऱ्या थराला. एका हाताला लोंबकळलो. कुनी बघितलं न्हाई. तवापासनं वर गेलं की पाय कापायलेत. मॅडम बेल्टचं सांगायल्या तसं वाटायलं, बांधावा. पर सगळ्यांसमोर म्हनून बसलो होतो, बेल्ट बायकांनी बांधावा. कसं मागावं? मग म्हनलं, आधी बघावं तरी, धरतो का. तात्या ओढ्याकडं गेले तवा कप्पीनं पाव्हण्यांना वर घेतलं, बेल्ट बांधला, सोडलं." तो थांबला. "नुसता टर्र असा आवाज झाला. मला वाटलं, मीच पडलो."

"मग सांगितलं का नाही?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं असतं तर इचारलं असतं, मल्हार, तू बेल्ट बघायला गेलास कशाला. पाव्हणे न्हाईत तर खेळ होनार न्हाई, असं वाटलं. म्हनून त्यांना पट्टी बांधली आन हातगाडीवरनं मेंढरांत न्हेऊन निजवलं. दुपारी बेल्टाचा गठ्ठा हिरीत टाकनार होतो."

"आन त्याच्या आधी कुनी बांधला असता तर?" हे दैवशालानं विचारलं. ती गर्दीतून पुढं आली होती. ती त्याच्याजवळ गेली, आणि सगळ्यांना वाटलं आता ही ह्याला फाडून खाणार. ती हळू आवाजात म्हणाली, "हाताला लोंबकळलाव, आन मला सांगायचं न्हाई?"

मल्हारनं मान खाली घातली, आणि दुसरी कुठलीही शिक्षा त्याला त्या दिवशी झाली नाही.

साहेबांनी गठ्ठ्यातला दुसरा पिवळा बेल्ट पाव्हण्यांना बांधायला लावला. पाव्हणे वर गेले, कडेवरून सुटले, टर्र आवाज झाला, आणि शिंप्याची सगळी मेहनत काळ्या सँडमध्ये पसरली. मजुरांमध्ये कुणी हसलं नाही. आपण कुठं पडलो असतो ते जो तो बघत होता.

"मला दुकानदारानं फसवलं," दिनकरराव म्हणाले. त्यांचाही चेहरा खरोखर पडला होता.

"मालकाला ठावं नव्हतं, साहेब," तात्याराव म्हणाले. "ठावं असतं तर तुमच्यासमोर खेळ ठेवला नसता. त्येंनी बघितलंच न्हाई. हत्तीवर इश्वास ठेवला."

साहेबांनी चांगले बेल्ट येईपर्यंत जमिनीच्या वर कुणी पाऊल टाकायचं नाही असं लिहून दिलं, आणि जाताना म्हणाले, "मजुरी बंद करायची नाही, दिनकरराव. तोवर ह्यांना खाली काम द्या. आणि पहिला बेल्ट तुम्ही स्वतः बांधून लटकायचं. मी बघायला येतो."

नवे बेल्ट आले त्या सकाळी दिनकरराव खरोखर लटकले. पाइप वाकला नाही, पट्टा उसवला नाही, फक्त मालकांचा चष्मा पडला. ते खाली उतरून बराच वेळ पाणी पीत बसले, आणि मग स्वतःच सामानाच्या खोलीत जाऊन एकेका बेल्टची शिवण बोटानं ओढून बघू लागले.

मग राजेश्री मॅडमनी सगळ्यांना, बायकांनासुद्धा, सावलीत बसवलं. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. नुसतं विचारलं, "उंचीची भीती कुणाकुणाला वाटते?"

कुणी हात वर केला नाही. मिस्त्री एकमेकांकडं बघायला लागले, कुणी तंबाखू मळायला लागला. मागं कुणीतरी खाकरलं. मग पुढच्या ओळीतून एक हात वर आला. मल्हारचा.

तो वर राहिला. शेजारच्या मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं आणि आपला हात हळूच कानापर्यंत नेला, तिथून वर. मग कामावर परतलेल्या सेंट्रिंगवाल्यांचे. मग सिद्धोधनचा. फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेल्या तात्यारावांनीही हात वर केला.

"तात्या," मल्हार मागं वळून म्हणाला, "तुमी तर सदा खालीच असता की."

"मला खालीबी वाटती," तात्याराव म्हणाले, आणि त्यांनी हात वरच ठेवला.